थांबे मोजावेत, मिनिटं की रुपये? टॉवेलच्या कारखान्यासाठी पॅरेटोच्या तीन वह्या

मागांचं उत्पादन घसरलं की कारखान्यात तीन उत्तरं तयारच असतात. जॉबर (माग जुळवणारा मिस्त्री) म्हणतो सूत खराब, सूतवाला म्हणतो सायझिंग (सुताला खळ लावणं) खराब, मालक म्हणतात कामगार जागेवर नसतो. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण जॉबर एकच आणि पैसा मोजका, म्हणून आधी हात कुठे घालायचा हे ठरवावंच लागतं.

त्यासाठी पॅरेटो. कारणं लिहायची, मोठ्यापासून लहानापर्यंत लावायची, टक्के जोडत जायचे आणि ऐंशीच्या आसपास किती कारणांत पोहोचलो ते पाहायचं. अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांचं निरीक्षण होतं इटलीतल्या जमीनमालकीबद्दल. कारखान्यातल्या दोषांना ते लावलं गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी. ८०-२०, म्हणजे ऐंशी टक्के नुकसान वीस टक्के कारणांतून, हा काही कायदा नाही. ७०-३० आलं म्हणून वही चुकत नाही.

वही चुकते ती दुसरीकडेच, काय मोजायचं हे न ठरवता लिहायला घेतल्यावर. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असतो तसा ८ रेपियर (धोट्याशिवाय आडवा धागा नेणाऱ्या) मागांचा, आठ तासांच्या एका पाळीचा कारखाना धरू. १८ दिवसांची वही. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा, बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला मोठा रूळ, जॅकार्ड म्हणजे मागावरची नक्षीची यंत्रणा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रमाण ओळखीचं वाटेल.

| कारण | थांबे | मिनिटं |
|---|---|---|
| ताण्याचा धागा तुटणे | ४२० | १,२६० |
| बाण्याचा धागा तुटणे | २६० | ३९० |
| जॅकार्डचा बिघाड | १८ | ९०० |
| वीज जाणे | १५ | ३०० |
| बीम बदलणे | १२ | २,१६० |
| इतर | ७५ | ३०० |
| एकूण | ८०० | ५,३१० |

थांबे मोजले तर ताणा आणि बाणा मिळून ८५ टक्के. बीम बदल तळाला, दीड टक्का. मिनिटं मोजली की तोच बीम बदल ४१ टक्क्यांनी डोक्यावर बसतो, आणि ताणा व जॅकार्ड धरून ८१ टक्के होतात. वही एकच, उत्तरं उलटी.

थांब्यांची वही सगळ्यात सोपी, रेघ मारली की झालं. कामगाराचा जीव कशात जातो ते तिच्यातून कळतं, कारण दर थांब्याला तोच धावतो. एका माणसाकडे किती माग द्यायचे हा प्रश्न असेल तर हीच वही घ्या. उत्पादन का घसरलं, याला मात्र ती फसवी.

मिनिटांच्या वहीला घड्याळ लागतं आणि थोडी शिस्त. पण बीमसारखं सवयीचं झालेलं नुकसान तीच दाखवते. टॉवेलच्या मागावर बीम दोन, आणि गुंड्यांच्या (टॉवेलवरच्या मऊ फाशांच्या) ताण्याला सूत कितीतरी जास्त लागत असल्याने त्याचा बीम आधी संपतो. पुढचा बीम मागाशेजारी तयार नसेल, जॉबर दुसऱ्या मागात अडकला असेल, तर माग नुसता उभा. आपण याला ‘काम’ म्हणतो, बिघाड म्हणत नाही, म्हणून तो कुणाच्याच तक्रारीत नसतो.

रुपयांची वही आणखी एक पडदा उघडते. बाणा तुटला की माग दीड मिनिटात सुरू होतो, पण कधी कधी कापडावर आडवी रेघ उमटते आणि टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जातो. समजा चालू मिनिटामागे ४ रुपये सुटतात, आणि पाचपैकी एका बाणातुटीत टॉवेलमागे ६० रुपये जातात. मग बाण्याचा तोटा वेळेचे १,५६० आणि मालाचे ३,१२०, एकूण ४,६८०. जॅकार्डचे वेळेचे ३,६०० आणि सुट्या भागांचे ५०० धरले तरी ४,१००. मिनिटांत चौथा असलेला बाणा तिसरा झाला. जिथे माल निर्यातीचा आणि तपासणी कडक, तिथे ही वही हवीच. जिथे सेकंडचा हिशेबच वेगळा ठेवत नाहीत, तिथे हे आकडे अंदाजपंचे भरले जातील. त्यापेक्षा मिनिटं बरी.

आता एक गोष्ट जी तिन्ही वह्यांत येत नाही. चैत्र-वैशाखात सोलापूरची दुपार चाळिशीच्या वर आणि कोरडी ठक्क. सुती विणकामाला शेडमध्ये ७५ ते ८० टक्के दमटपणा हवा. तो नसला की ताणा पटापट तुटतो. मग जॉबर गुपचूप मिनिटाला २०० फेऱ्यांचा माग १८० वर आणतो. तुटी कमी, वही सुंदर, उत्पादन मात्र खाली! आठही माग असे चालले तर चालू वेळेचा दहावा भाग, म्हणजे वरच्या हिशेबात ६,३०० हून जास्त मिनिटं, वहीतल्या सगळ्या थांब्यांच्या बेरजेपेक्षाही अधिक. म्हणून ‘कमी फेरे’ अशी ओळ वहीत घाला आणि फरकाची मिनिटं करून भरा. जॉबरला दोष देऊ नका, नाहीतर ती ओळ कोरीच राहील.

शिवाय ‘ताणा तुटला’ हे कारण नाही, लक्षण आहे. तीच ओळ पुन्हा फोडा: कोणत्या मागावर, कोणत्या सुतावर, सकाळी की दुपारी. दोनच माग निम्म्या तुटी देत असतील तर फणी, वई (ताण्याचे धागे ज्यांतून ओवतात ते भाग) बघा. सगळेच माग दुपारी तुटत असतील तर आधी पाण्याचे फवारे.

इतर पद्धतींचं थोडक्यात. मासळीच्या काट्याची आकृती कारणं सुचवते, क्रम लावत नाही. पॅरेटोत पहिली आलेली ओळ घेऊन ती काढावी. पाच वेळा ‘का’ विचारायची रीत ज्यांच्या नावावर सांगतात ते साकिची टोयोडा मुळात मागवालेच, १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. ती रीत एका ओळीच्या मुळाशी जायला उत्तम. गंभीरता, वारंवारता आणि ओळखू येण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार करायची पद्धत मात्र बॉयलर, विजेचे पॅनेल यांच्यासाठी राखा. तिथे बिघाड वर्षानुवर्षं होत नाही, म्हणून पॅरेटोत दिसत नाही. झाला तर माणूस दगावतो.

दहा-बारा मागांच्या मालकांनी मिनिटांची वही धरावी, ‘कमी फेरे’ची ओळ घालून, तीन आठवडे. ‘इतर’ पहिल्या तिनांत आलं तर ते फोडून पुन्हा लिहा. उन्हाळ्याची वही पावसाळ्यात वापरू नका, आणि सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा, तेव्हा हजेरीच वेगळी असते. पेन्सिल मागाला सुतळीने बांधून ठेवा. सुटी ठेवली तर दुसऱ्या दिवशी जॉबरच्या कानावर सापडते.