‘मिनी टायगर’, ‘ब्रीडिंग जोडी’ आणि तीन फुटी टाकी: लोच घेताना मला कसं फसवलं

‘मिनी टायगर बोटिया आहे, चार इंचांच्या वर वाढत नाही, ब्रीडिंग जोडी आहे’ असं सांगून नाशिकमध्ये कुणी तुम्हाला लोच (काचेच्या टाकीत पाळायचे, तळाशी राहणारे मासे; बोटिया हा त्यांचाच एक गट) विकत असेल, तर पैसे देऊ नका. अशी कुठली बुटकी जात नाही. मला ती विकली गेली, आणि तिच्यासोबत आणखी तीन प्रकारचे लोच ‘एकाच टाकीत बिनधास्त ठेवा’ असं सांगून गळ्यात मारले गेले. त्यात माझ्याकडच्या जुन्या, धडधाकट माशांचेही हाल झाले.

माझी टाकी तीन फुटी, साधारण सव्वाशे लिटरची. तळाला बारीक वाळू, कारण कुहली लोच आधीपासून होते आणि त्यांना वाळूत घुसायला आवडतं. वरच्या पाण्यात पर्ल गुरामी हे संथ मासे. कुहलींसोबत राहतील असे आणखी एखाद्या शांत जातीचे लोच मला हवे होते. विक्रेत्याला टाकीचं माप, फोटो, आतल्या माशांची नावं असं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘ताई, लोच लोच सगळे भाऊच. काही टेन्शन घेऊ नका.’ नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे असलेली पिल्लं बघून मी सरळ विचारलं, हे क्लाऊन लोच आहेत ना? म्हणाला, ‘क्लाऊन वेगळे. ही फार्मवर काढलेली मिनी जात.’ हार्मोनची इंजेक्शनं देऊन क्लाऊन लोचची पैदास फार्मवर करतात हे खरं आहे, म्हणून त्याचं बोलणं पटण्यासारखं वाटत होतं.

मी घेतले ते असे: दोन ‘मिनी टायगर’, दोन ‘पीच बोटिया’, दोन जांभळे बोटिया आणि थोडे कुहली. सगळे मिळून 6,400 रुपये, त्यातला मोठा वाटा ‘जोडी’च्या नावाखाली. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यावर.

पुढचं सगळं डिसेंबरच्या थंडीत घडलं. माझ्या टाकीला हीटर होता, विक्रेत्याच्या टाक्यांना नव्हता. नाशिकची थंडी आणि बिनहीटरचं पाणी, त्यात ‘मिनी टायगर’ म्हणून विकलेले, 25 ते 30 अंशांत राहणारे क्लाऊन लोच. घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगावर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके आले. व्हाइट स्पॉट नावाचा आजार. फोटो पाठवल्यावर त्याने मला औषधच विकलं आणि बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस टाकायला सांगितलं. सुदैवाने सिडकोतल्या एका जुन्या मासेपालक काकांना मी आधी फोन केला. ते म्हणाले, लोचचे खवले अगदी बारीक, मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याचं औषध त्यांना बाकीच्या माशांपेक्षा लवकर भोवतं. अर्धाच डोस दे, पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत ने, आणि हवेचा दगड जोरात चालू ठेव, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. टायगर वाचले ते काकांमुळे. नवे कुहली मात्र वाचले नाहीत.

आजार आटोक्यात आला आणि रात्री टाकीतून टक्-टक् आवाज यायला लागला. बोटिया जातीचे मासे भांडताना आणि खाताना असा आवाज करतात, तो बाहेरही ऐकू येतो. सकाळी गुरामींच्या परांच्या कडा कुरतडलेल्या दिसायच्या, त्यांच्या लांब दोऱ्यांसारख्या मिशा तुटलेल्या. जुने कुहली दिवसरात्र फिल्टरच्या मागे दडलेले. काका घरी आले आणि टाकीसमोर बसून त्यांनी एकेक मासा ओळखला.

‘पीच बोटिया’ म्हणजे स्कंक लोच. फिकट अंग, नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली काळी रेघ आणि शेपटीच्या मुळाशी काळा पट्टा. एवढी खूण डोळ्यांत ठेवा. जेमतेम चार इंचांचा मासा, पण संथ माशांचे पर कुरतडण्यात हा कुप्रसिद्ध आहे. कुहली आणि गुरामींच्या टाकीत हा मासा जाणूनबुजून देणाऱ्याला माफ करता येत नाही, कारण टाकीतले मासे त्याला माहीत होते.

जांभळे निघाले रेडटेल बोटिया, मेकाँगच्या खोऱ्यातले. त्यांचं खरं अंग निळसर राखाडी, पर लालसर-नारिंगी. तो जांभळा रंग कृत्रिम होता, आणि आठवडे जातील तसा तो उडाला. असे मासे रंगाच्या पाण्यात बुडवतात किंवा सुईने रंग टोचतात. अंगावरचा संरक्षक चिकट थर त्यात जातो. हा क्रूरपणा आहे, आणि गिऱ्हाईक नाही म्हणेल तेव्हाच तो थांबेल. हा मासा आठ-दहा इंच वाढतो आणि मोठा होईल तसा जास्त दांडगाई करतो.

आणि मिनी टायगर? साधे क्लाऊन लोच. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधले. पूर्ण वाढ आठ ते बारा इंच, आयुष्य वीस वर्षांच्याही पुढे. सुरुवातीला वाढ सावकाश असते, दोन इंचांचं पिल्लू बरेच महिने लहानच दिसतं, आणि याचाच फायदा हे लोक घेतात. ‘जोडी’ तर निव्वळ थाप होती. एवढ्या पिल्लांतले नर-मादी बघून ओळखता येत नाहीत, आणि घरच्या टाकीत क्लाऊन लोचची पिल्लं झाल्याचं जवळपास ऐकूच येत नाही. त्यात हे मासे कळपातले. आपसात मान कुणाचा मोठा हे ठरवत राहतात, म्हणून एका जातीचे किमान पाच-सहा तरी लागतात. दोघेच असले की एक दुसऱ्याला छळतो नाहीतर दोघेही लपून बसतात. लोचची जोडी विकणारा माणूस लोचबद्दल खोटं बोलतोय एवढं यावरून नक्की समजा.

वेगवेगळे लोच एकत्र ठेवताच येत नाहीत असं मी म्हणत नाही. मोठी टाकी, भरपूर लपणं आणि स्वभाव, तापमान, आकार जुळणाऱ्या जाती असतील तर छान राहतात. आपल्या गंगेच्या खोऱ्यातला योयो लोच चार-पाच फुटी टाकीत दुसऱ्या बोटियांबरोबर राहू शकतो. पण वेदर लोचला थंड पाणी लागतं, क्लाऊनला गरम. त्यांना एकत्र ठेवलं तर एकाचे तरी हाल होणारच. म्हणून विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव मेसेजवर लिहून घ्या, बाजारी नाव चालवून घेऊ नका. क्लाऊनचं क्रोमोबोटिया मॅक्राकँथस, स्कंकचं यासुहिकोटाकिया मोरलेटी, रेडटेलचं यासुहिकोटाकिया मॉडेस्टा. नाव लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून मासा घेऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, ‘नको असतील तर गोदावरीत सोडून द्या, पुण्य लागेल.’ याचा मला फसवणुकीपेक्षा जास्त संताप आला. परदेशी मासे नदीत सोडणं म्हणजे तिथल्या माशांचं नुकसान. तिलापियाने आणि आफ्रिकन मांगूरने आपल्या नद्यांची काय अवस्था केली ते कोळ्यांना विचारा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्याला कळवलं की चॅट, चिठ्ठी, यूपीआयची पावती घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. मग अर्धी रक्कम परत आली. चॅट पुसली असती तर तीही आली नसती.

स्कंक आणि रेडटेल काकांनी आपल्या वेगळ्या टाकीत नेले. दोन क्लाऊन लोच अजून माझ्याकडे आहेत, आता ठणठणीत. नाशिकमध्ये कुणाकडे सहा फुटी किंवा मोठी टाकी असेल आणि त्यात आधीच क्लाऊनचा कळप असेल, तर घेऊन जा. पैसे नकोत, फक्त टाकी मला बघू द्या. नेताना जाळी आणू नका. त्यांच्या डोळ्याखाली काटा असतो, तो जाळीत अडकून मासा जखमी होतो. झाकणाचा मोठा डबा आणा.