जुनी डबलबार आणि प्लॅस्टिक वॅडची काडतुसं: पावसाळा ते काजूचा हंगाम

देवगडकडच्या आमच्या कलमांच्या राखणीला शेतीसंरक्षण परवान्यावरची जुनी विलायती बारा बोअर आहे. नमद्याच्या वॅडची (वॅड म्हणजे दारू आणि छर्‍यांमधला बोळा) काडतुसं सोडून यंदा प्लॅस्टिक वॅडची घेतली. काडतुसं उत्तम आहेत, पण ती घेण्याआधी चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

आमच्या बंदुकीचं चेंबर अडीच इंची, ज्याला 65 मिमी म्हणतात. बाजारात 70 चा माल जास्त. घोळ असा की काडतुसावरची लांबी ही बार झाल्यावर तोंड उघडल्यानंतरची असते. दुमडलेल्या तोंडाचं 70 चं काडतूस साठ मिमीच्या आतबाहेर भरतं, त्यामुळे ते 65 च्या चेंबरात आरामात बसतं आणि बंदूकही मिटते. बार होताना मात्र तोंडाच्या पाकळ्या चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उघडतात. वॅड आणि छर्‍यांची वाट आवळते, दाब वाढतो. जुन्या, आतून गंजाने खड्डे पडलेल्या नळीला तो सोसेलच असं नाही. वाडीतल्या एका काकांकडची अशी झाडलेली काडतुसं मी पाहिली, त्यांची तोंडं उंदराने कुरतडल्यासारखी होती. "बसतंय ना, मग झालं" हे दुकानात कुणी म्हटलं तरी ऐकू नका. चेंबरची लांबी कळायला नळीच्या बुडाचे ठसे वाचा, आणि मागे कुणी चेंबर वाढवलंय का हे कारागिराकडून मोजून घ्या.

आता वॅड. प्लॅस्टिकचा पेला दारूचा वायू मागे नीट अडवतो आणि छर्‍यांना नळीवर घासू देत नाही. जुनी कागदी काडतुसं पावसात फुगून अडकायची, या प्लॅस्टिकच्या नळकांड्यांना तो त्रास नाही. पण नळीत प्लॅस्टिकचे पट्टे चिकटतात. खार्‍या हवेत त्याखाली गंज धरतो, म्हणून त्याच दिवशी पितळी ब्रश आणि तेल फिरवावंच लागतं. काजूखाली पडलेले वॅडही वेचावे लागतात, नमदा मातीत कुजून जायचा.

बार फुसका वाजला तर दुसरा काढू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, बंदूक उघडा, काडतुसं काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. अडकलेल्या वॅडवर पुढचा बार गेला तर नळी फुटते. वीस बोअरचं (बारापेक्षा बारीक) काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून असंच अडकतं. ती सहसा पिवळी असतात. घरात दोन्ही बंदुका असतील तर डबे वेगवेगळ्या कुलपात ठेवा.