कोअर कटिंगआधीचं जीपीआर स्कॅनिंग: पाचपैकी चार

११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपसाठी स्लॅबला पाच इंची कोअर, म्हणजे आरपार गोल भोक, मारायचा, तर खाली सळई कुठे आहे हे आधी कळायलाच हवं. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये हे जीपीआर स्कॅनिंग, म्हणजे रडारच्या लहरींनी काँक्रीटच्या आत पाहणं, वागळे इस्टेटमधल्या एका पथकाने केलं. काम बहुतांशी चोख.

सगळ्यात आवडलं ते हे, की बाथरूमच्या फरशीवर यंत्र फिरवायला त्यांनी साफ नकार दिला. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, तोही ओलसर. ओल रडारच्या लहरी शोषून घेते, तुकडे त्या विखुरतात. पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. म्हणून खालच्या फ्लॅटच्या छतावरून स्कॅन. त्या घरी आधी सांगून ठेवा आणि फॉल्स सीलिंग उघडून घ्या, कारण त्याच्या पत्र्याच्या चॅनलपलीकडचं काही दिसत नाही.

यंत्र २.७ गिगाहर्ट्झ अँटेनाचं, हाताने फिरवायचं. ६० बाय ६० सेंटिमीटरचा कागदी ग्रिड चिकटवून दर ५ सेंटिमीटरला आडव्या आणि उभ्या, दोन्ही फेऱ्या मारल्या. एकाच दिशेच्या फेरीवर समाधान मानू नका. यंत्र सळईला आडवं ओलांडतं तेव्हाच तिची ठळक कमान उमटते. सळईला समांतर चाललं, तर सपाट रेघ दिसते आणि ती स्लॅबची दुसरी बाजू वाटू शकते. कागदामुळे भुरभुरत्या रंगावर चाकही घसरत नाही. चाक घसरलं की अंतराची मोजणी चुकते आणि खूण सरकते.

एक गुण गेला तो खोलीच्या आकड्यांमुळे. डायइलेक्ट्रिक, म्हणजे काँक्रीटमध्ये लहरींचा वेग किती धरायचा हे ठरवणारा आकडा, ६.२५ वर ठेवून त्यांनी अहवाल दिला. ओलसर काँक्रीटमध्ये तो ९ असेल, तर प्रत्येक खोली २० टक्के जास्त येते. कोअरसाठी चालून जातं, सळईची जागा तीच राहते. पण स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ३८ मिलिमीटरचं कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) ४५ च्या वर दिसेल आणि काँक्रीटच्या भारतीय मानकातली, आयएस ४५६ मधली, 'सिव्हिअर' परिस्थितीची ४५ ची अट खोटीच पूर्ण होईल. एका सळईपर्यंत बारीक भोक पाडून प्रत्यक्ष खोली मोजायची आणि तिच्याशी यंत्र जुळवायचं, एवढंच करायचं असतं. प्लास्टरची जाडीही वजा करून घ्या.

सळईचा व्यास जीपीआर नीट सांगत नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. बरं वाटलं. वायरिंगचा पीव्हीसी पाइपही निसटू शकतो, तेव्हा मेन स्विच बंद करूनच ड्रिल लावा.

ऐरोली-महापेच्या आयटी इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला स्लॅब, असेल, तर स्कॅनशिवाय भोक पाडूच नका. तिथली केबल कॉलमजवळ वर आणि दोन कॉलमांच्या मध्यावर खाली असते, त्यामुळे एका ठिकाणी पाहून भागत नाही. तिचा माग दोन्ही बाजूंना काढावा लागतो. ताणलेली केबल कापली गेली तर माणूस जखमी होतो.

खालची खूण वर नेण्यासाठी मोकळ्या जागेच्या मध्यातून ८ मिलिमीटरचं आरपार भोक करून घ्या. खुणा पेंट मार्करने करायला सांगा. खडू कोअरच्या पाण्यात धुऊन जातो.