फीव्हर-ड्रीमिंग मार्लिंको: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंत एकाच शहरात

गणपतीच्या आधी आमच्या शनिवारच्या रोल-प्लेइंग खेळाच्या (फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची, त्या) गटाला मार्लिंको या काल्पनिक शहरात आणलं. आता उन्हाळा लागला, तरी एकही जण वेशीबाहेर पडायचं नाव काढत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या शहराबद्दलचं ख्रिस कुटालिक यांचं हे पुस्तक हायड्रा कोऑपरेटिव्हने २०१५ मध्ये काढलं. ते लॅबिरिंथ लॉर्डसाठी लिहिलंय, आणि लॅबिरिंथ लॉर्ड हा १९८१ च्या बेसिक डी अँड डीवर (डन्जन्स अँड ड्रॅगन्सवर) बेतलेला नियमसंच. त्यामुळे तुम्ही जुन्या वळणाचा कुठलाही खेळ खेळत असाल तरी फारसं काही बदलावं लागत नाही. मी पीडीएफ घेतली, अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढून स्पायरल करून घेतली आणि नकाशा तेवढा लॅमिनेट केला. एव्हाना पानांचे कोपरे पार मऊ पडलेत.

शहरांवरची बरीच पुस्तकं मी चाळली आहेत. त्यात राजघराणी असतात, वंशावळी असतात, पाचशे वर्षांपूर्वीच्या लढाया असतात. खेळताना मात्र समोरचा विचारतो, "चोरीचा माल इथे कोण घेतं?" आणि आपण पानं उलटत बसतो. दुसरी तऱ्हा १९७६ मध्ये जजेस गिल्ड या प्रकाशनसंस्थेच्या ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ने घालून दिली. तिथे गल्ल्याच गल्ल्या, दुकानामागून दुकान आणि प्रत्येक दुकानाचा मालक कोण ते दिलेलं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. मार्लिंको या दोन्ही वाटांनी जात नाही. त्यात माणसं मोजकीच आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी हवंय, आणि ते मिळवायला तो तुमच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, कामाला लावणार.

शहराचे चार भाग आहेत, त्यांना कॉन्ट्राडा म्हणतात. ही कल्पना इटलीतल्या सिएनाची. तिथे असे १७ भाग आहेत, आणि दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओच्या घोडशर्यतीत त्यांची चुरस उफाळून येते. हे आमच्या टेबलावर कोणाला समजावून सांगावंच लागलं नाही. विसर्जन मिरवणुकीत कुठलं मंडळ कुणाच्या आधी निघणार यावरचे वाद ऐकत वाढलेली ही पोरं! पहिल्याच संध्याकाळी एकजण म्हणाला, "ताई, या तर पेठाच आहेत." त्याने लगेच आपल्या चोर पात्राचा कॉन्ट्राडा ठरवून टाकला. तिसऱ्या भागातल्या खानावळीला कोणीतरी नावं ठेवली, तेव्हा तो खराखुरा तावातावाने भांडला. खाण्यावरून इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण, हे ठरवणारा फासा) टाकायची वेळ आली होती.

पुस्तकाचा जीव आहे केऑस इंडेक्स. पार्टी जे काही करते त्यावर हा आकडा वर-खाली होतो आणि तो चढेल तसं शहर विचित्र वागायला लागतं. मी आकडा खेळ चालवताना समोर उभा करते त्या पडद्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिते. खोडून खोडून तिथला कागद पातळ झालाय. आमच्या पार्टीने एकदा थडग्यातली एक वस्तू भर बाजारात विकली, आणि पुढच्या शनिवारी शहरात आलेल्या बातम्या ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता काहीही करण्याआधी दबक्या आवाजात विचारणा होते, "याने आकडा वाढेल का गं?" मी उत्तर देत नाही. आपल्या वागण्याने जग बदलतं हे खेळणाऱ्याला इतक्या कमी हिशेबात जाणवून देणारा दुसरा नियम मला माहीत नाही.

आणि वाघाशी कुस्ती! तिचे वेगळे नियम आहेत. आमच्यातल्या एकाचे आजोबा तालमीत जाणारे, त्यामुळे त्याचा योद्धा आखाड्यात उतरला तेव्हा तो "आक्रमण करतो" असं म्हणालाच नाही. "ढाक मारतो" म्हणाला, मग "धोबीपछाड". वीस बाजूंचा फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि सगळे उठून उभे राहिले. दोन हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) उरले असताना तो जिंकला.

पुस्तकात दोन तयार मोहिमाही आहेत. एक सरदारणीच्या वाड्यातली, दुसरी एका पंथाच्या भुयारांमधली. खेळायचं असेल त्यांचा विरस नको, म्हणून इतकंच सांगते की वाड्याची मोहीम जास्त सरस आहे. घाई केलीत तर वाया जाईल. भुयारांना मी कात्रजच्या नळाची जोड दिली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं पाणी, जमिनीखालचा माणूस जाईल एवढा दगडी नळ, वाटेत हवेसाठी ठेवलेले उच्छ्वास आणि गावातले हौद. हे सगळं मार्लिंकोखाली घातलं आणि ते तिथलंच वाटलं. पुस्तक अशी भर घालायला जागा ठेवतं, हे मला फार आवडलं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. नावं स्लाव्ह वळणाची, जीभ अडखळते. मी त्यांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तेव्हा कुठे सुटका झाली. विनोद बराच चावट आहे, त्यामुळे शाळकरी भाच्यांना घेऊन खेळणार असाल तर आधी स्वतः पूर्ण वाचा आणि काय गाळायचं ते ठरवा. आणि नवख्या गेम मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) हे पुस्तक थोडं जड जाईल, कारण ते गोष्ट हातात देत नाही, फक्त ठिणग्या देतं.

ज्यांची पार्टी गुहेतून सोनं घेऊन वर येते आणि "आता काय?" म्हणून बसून राहते, त्यांनी हे जरूर घ्यावं. ‘स्लंबरिंग अर्सीन ड्यून्स’ हे याच मालिकेतलं आधीचं पुस्तक, ते शहराबाहेरच्या भटकंतीचं आहे. आमची पोरं वेस ओलांडायला राजी झाली, की पुढे तेच काढणार आहे.