आधी घसा तपासतात, मग औषध लिहितात

लेक तान्ही असल्यापासून आम्ही याच दवाखान्यात येतो. आता ती पहिलीत आहे. परवाच्या तिच्या आजारपणानंतर मात्र इथल्या डॉक्टरांबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं.

शाळेतून आली ती तापाने फणफणलेली. घसा दुखतोय, पोटही दुखतंय म्हणत होती, मऊ वरणभातही गिळवेना. सर्दी-खोकल्याचा मात्र पत्ता नव्हता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न नेमका तोच विचारला, ‘‘नाक वाहतंय का? खोकला?’’ दोन्ही असतील तर बहुतेक वेळा व्हायरल असतं आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ‘‘मोठ्ठा आ कर बघू, राणी’’ म्हणत टॉर्च लावला आणि मलाही वाकून बघायला लावलं. टॉन्सिल लालबुंद, त्यावर पांढरे ठिपके आणि टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल डाग. गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी.

एवढं दिसत असूनही त्यांनी लगेच औषध लिहिलं नाही. स्वॅबने घशातला नमुना घेतला, दहाएक मिनिटांत रिपोर्ट आला : स्ट्रेप, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे होणारा घशाचा संसर्ग. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर नमुना कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून बघायला, लॅबमध्ये पाठवतात. मला ही पद्धत फार पटली, कारण घसा धरला की केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणणारी कितीतरी घरं माझ्या ओळखीची आहेत.

अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप दिलं, पूर्ण १० दिवसांसाठी. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत कसं घालायचं, हे कंपाउंडर काकांनी करून दाखवलं. ताप दोन दिवसांत उतरला तरी डोस बंद करायचा नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं. स्ट्रेपवर नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आपल्याकडे असे पेशंट आजही आहेत.

शाळेचंही त्यांनी आपणहून सांगितलं. औषध सुरू होऊन किमान एक दिवस जाईपर्यंत आणि ताप उतरेपर्यंत पाठवायचं नाही. बाकावरच्या मैत्रिणीची पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही, घरी पेला-चमचा वेगळा, हात साबणाने. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते ५ दिवस लागतात, म्हणून धाकट्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि वर्गशिक्षिकेला कळवायलाही.

एक तक्रार आहे. संध्याकाळी प्रचंड गर्दी होते आणि लसीसाठी आलेली तान्ही बाळं तापलेल्या मुलांशेजारीच बसतात. जागा छोटी आहे हे मान्य, पण लसीकरणाला सकाळची वेगळी वेळ ठेवायलाच हवी. तोवर बाळाला घेऊन येणाऱ्यांनी फोन करून नंबर लावावा आणि आपली पाळी येईपर्यंत बाहेर थांबावं.