शहरातल्या जंगलवाटेवर: पायी की सायकलने?

शहराच्या मधोमध राखलेल्या जंगलात बहुतेक वेळा वाट एकच असते, चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांचीही. हाताशी दोनच तास असतील, तर पायी ताशी 4-5 किलोमीटरच्या हिशेबाने जेमतेम 8-10 किलोमीटर होतात. सायकलवर मातीच्या वाटेनेही त्याच्या दुप्पट अंतर सहज कापता येतं, पार पलीकडचं टोक गाठता येतं.

पाहणं मात्र पायीच. पंख मिटल्यावर वाळकं पानच वाटणारं फुलपाखरू, वाळवीने खोडावर चढवलेला मातीचा पापुद्रा, हे सायकलवरून निसटतं, कारण नजर पुढच्या दगडावर आणि मुळांवर खिळलेली असते. पक्ष्यांचे आवाज ऐकायचे असतील तर चाकाखालची खडी करकरत राहते.

वाटेचा रिवाज सोपा आहे: सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. आंधळ्या वळणाआधी घंटी हवीच. चालणाऱ्यांनीही घोळक्याने अख्खी वाट अडवू नये, निदान एक कान तरी मोकळा ठेवावा.

पाऊस पडून गेला असेल तर सायकल घरीच ठेवा, अगदी कळकळीने सांगतो. ओल्या मातीत चाकोरी पडते, तिच्यातून पाणी धावतं आणि वाट धुपत जाते. पायी जाणाऱ्यांनी चिखल चुकवायला कडेचं गवत तुडवलं, तर तेही तितकंच वाईट. बूट भरू द्यावेत, पण मधूनच चालावं.

पहिली खेप असेल तर पायीच जा. चढ कुठे, मुळं कुठे, वळणं कुठली, हे पायाखालून गेलं की दुसऱ्या खेपेला सायकल खुशाल काढा.