कोथरूड आणि देवरुख: घरगुती ब्रॉडबँडच्या दरांचा पडताळा

पुण्यात कोथरूडमधील आमची सदनिका आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखपासून आठ किलोमीटरवरच्या वाडीतील आईवडिलांचे घर, अशा दोन घरांच्या इंटरनेटची बिले मी भरतो. दोन्हीकडे योजना ४० एमबीपीएस वेगाचीच आहे आणि मासिक दरही जवळजवळ सारखा आहे. पुण्यात ४९९ रुपये, गावाकडे ५००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की अनुक्रमे ५८९ आणि ५९०. एवढेच पाहिले तर शहर आणि खेडे यांत कोणताही भेदभाव नाही असे वाटेल. गावाकडचे कनेक्शन मागच्या वर्षी घेतले आणि वर्ष पूर्ण झाल्यावर दोन्ही घरांच्या पावत्या शेजारी ठेवल्या, तेव्हा पुण्याचा वर्षाचा खर्च सुमारे ७,०७० रुपये निघाला आणि गावाचा १०,५८०. वायफायच्या डब्यासाठी घेतलेली १,५०० रुपयांची अनामत यात धरलेली नाही.

हा फरक ज्या एका रकमेमुळे पडला, ती दरपत्रकात कुठेही नव्हती. पुण्यात सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यामुळे जोडणीचा खर्च माफ झाला. गावाकडे वायर ओढायला आलेल्या मुलाने अंगणात उभे राहून वडिलांना सांगितले, "काका, तुमच्या वाडीत आमची लाईन नाही. मेन रोडपासून नवीन सहा पोल घ्यावे लागतील, वायरचे साडेतीन हजार वेगळे होतील." वडिलांनी तिथेच पैसे दिले. आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचे होते आणि नातवंडांशी बोलायचे होते, त्यामुळे घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

ते साडेतीन हजार अवाजवी होते असे मी म्हणणार नाही, कारण घरापर्यंत फायबर नेण्याचा खर्च वस्तीच्या ठेवणीवर अवलंबून असतो. सध्या बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत कंपनीकडून आलेली एक फायबर स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. आमच्या इमारतीत ५६ सदनिका आहेत. जिन्याखाली एक पेटी बसवली आणि डक्टमधून वायरी वर नेल्या की काम संपते. आमची वाडी मात्र अकरा घरांची आहे. दोन घरांच्या मध्ये पोफळीची बाग, पुढे पऱ्या म्हणजे ओढा, पलीकडे जांभ्या दगडाचा उघडा सडा अशी रचना असल्याने त्याच स्प्लिटरवर अकराच्या अकरा घरे आली तरी बरीचशी क्षमता रिकामीच राहते, आणि वायर मात्र कितीतरी पट लागते. शिवाय गावातला केबलवाला स्वतःची बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची क्षमता, मोठ्या कंपनीकडून विकत घेतो आणि ती तालुक्यापर्यंत आणण्याचा खर्च थोड्याच ग्राहकांत वाटला जातो. त्यामुळे गावाकडे जोडणी महाग पडावी यात मला अन्याय दिसत नाही. ती रक्कम आधी, लेखी स्वरूपात न सांगणे हा मात्र अन्याय आहे.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत पत्त्याचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. जिओफायबरने २०२० च्या सप्टेंबरपासून ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसची योजना देशभर एकाच दराने आणली, आणि ते पाऊल ग्राहकाच्या हिताचे होते. परंतु ती योजना मिळण्यासाठी दारापर्यंत फायबर आलेली असावी लागते. ती नसलेल्या भागांतही पोहोचू शकणारी, ५जी लहरींवर चालणारी जिओ एअरफायबर सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई आणि पुण्यासह आठ शहरांत सुरू झाली, तेव्हा तिची सर्वांत खालची योजना त्याच ३० एमबीपीएससाठी ५९९ रुपयांची होती. तिच्यात दूरचित्रवाणी वाहिन्या आणि काही ओटीटी सेवा समाविष्ट होत्या हे खरे. पण ज्याला नुसते इंटरनेट हवे आहे त्याला त्या वगळून स्वस्तात घेण्याची सोय नव्हती. करासह हा फरक महिन्याला २३६ रुपये, म्हणजे वर्षाला २,८३२ रुपये होतो. त्याखेरीज वार्षिक योजना न घेतल्यास जोडणीचे १,००० रुपये, आणि महिन्याची डेटामर्यादा फायबरच्या ३,३०० जीबीऐवजी १,००० जीबी. दर देशभर एकच आहे असे कंपनी म्हणू शकते, आणि तरीही रस्त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा ग्राहक वेगवेगळे पैसे मोजतो, कारण कोणते तंत्रज्ञान मिळणार हे पत्ता ठरवतो.

काही कंपन्या तर शहरानुसार उघडपणे वेगळे दर लावतात. अ‍ॅक्ट आणि हॅथवे यांच्या संकेतस्थळांवर आधी शहर निवडावे लागते आणि त्यानंतर योजना दिसतात. ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण निदान ग्राहकाला आपल्या गावचा आकडा सुरुवातीलाच कळतो. बीएसएनएलची ग्रामीण भागासाठी स्वतंत्र स्वस्त योजना ठेवण्याची पद्धतही चांगली आहे. मात्र खेड्यात तिची सेवा बहुतेकदा स्थानिक भागीदारामार्फत मिळत असल्याने अनुभव त्या भागीदारावर ठरतो.

नियामकाची भूमिका येथे मर्यादित आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ब्रॉडबँडच्या दरांवर कमाल मर्यादा घातलेली नाही. दर कंपनीने ठरवायचे आणि ट्रायला कळवायचे, अशी व्यवस्था आहे. २०२३ च्या जानेवारीपासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग लागतो, पण आज विकल्या जाणाऱ्या योजनांच्या तुलनेत ही अट इतकी खालची आहे की ४० एमबीपीएसचे पैसे भरणाऱ्याला तिचा काहीच आधार वाटत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. कोथरूडमध्ये रात्री नऊ वाजता, म्हणजे सगळी इमारत घरी असताना, मला सातत्याने ३६ ते ३८ एमबीपीएस मिळाले. गावाकडे दिवसा ३० च्या वर वेग असतो, पण संध्याकाळी तो ११ पर्यंत उतरतो. जुलैमध्ये फणसाची फांदी वायरीवर पडली आणि डब्यावरचा लाल दिवा सलग नऊ दिवस लुकलुकत राहिला. त्या पावसात खांबावर चढणे धोक्याचे होते आणि मुलाने जीव धोक्यात घालावा अशी आमची मुळीच अपेक्षा नव्हती. मात्र त्या नऊ दिवसांचे पैसे पुढच्या बिलातून वजा करावेत, या साध्या मागणीला "तशी सिस्टीम नाही" एवढेच उत्तर मिळाले. पुण्यात दोन दिवस सेवा बंद होती, तेव्हा मी कंपनी बदलतो म्हटल्याबरोबर एक महिना मोफत मिळाला होता.

माझ्या मते दोन पत्त्यांमधला खरा फरक या दोन उत्तरांत आहे. आमच्या इमारतीत तीन कंपन्यांच्या पेट्या आहेत. वाडीत एकच वायर येते. अंतरामुळे वाढणारा खर्च एकदा भरून संपतो, पण दुसरा पर्याय नसल्याची किंमत दर महिन्याला मोजावी लागते आणि ती कोणत्याही पावतीवर दिसत नाही. पुण्यातही ज्या सोसायट्यांनी एकाच कंपनीला आत येऊ दिले आहे, तेथील रहिवाशांची तक्रार मी हीच ऐकतो.

या वर्षभराच्या अनुभवावरून पुण्यातील सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन आणि गावाकडच्या सेवेला अडीच. गावाकडे कनेक्शन घेणाऱ्यांनी वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत, निदान पहिला पावसाळा संपेपर्यंत तिमाही योजनाच घ्यावी. पैसे देण्यापूर्वी करासह मासिक रक्कम, वायरीचा खर्च, अनामत आणि ती परत मिळण्याची अट या चार गोष्टी कागदावर मागाव्यात. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्याव्यात. आणि ज्या वायरीचे पैसे आपण देतो ती कोणाच्या मालकीची, हेही विचारावे. शेजारच्या वाडीत दुसऱ्या केबलवाल्याची लाईन आली आहे, तेव्हा हा प्रश्न आम्हांलाही पडला. आमच्या पावतीवर फक्त "फिटिंग चार्ज" लिहिले होते. गणपतीत गावी गेलो तेव्हा मी त्या मुलाकडून त्याच पावतीवर "वायर ग्राहकाची" असे लिहून, सही करून घेतले आहे.